चार पार्टिशनं आणि चौथं पद

गल्लीत तिला सगळे पक्कडवहिनी म्हणतात. यातली पक्कड तिची स्वतःची. पिशवीत एक वेळ रुमाल नसेल, पक्कड असतेच. वहिनीपद मात्र दिराच्या कृपेने मिळालेलं. दीर हॉस्पिटलच्या धुलाई कामगार संघटनेचा कार्याध्यक्ष, आणि पुढाऱ्याची वहिनी म्हटलं की ती दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची वहिनी होते, तिला कुणी विचारत नाही. नवरा त्याच हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो. बोलतो कमी. सासूबाई दोन्ही मुलांचा निकाल एका दमात लावतात: "थोरला दिवसातून शंभरदा वर चढतो, पण शंभरदा खालीही येतो. धाकटा एकदाच चढला, तो उतरायचं नाव घेत नाही."

वहिनीही पूर्वी त्याच हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. अकरा वर्षं. तिथे चादरींना इस्त्री करणारा एक मोठा रोलर आहे. तो महिन्यातून दोनदा बंद पडायचा. मेकॅनिक तीन दिवसांनी उगवायचा, आणि तोवर 'बायकांनी मशीन नीट वापरलं नाही' असा शेरा वहीत पडलेला असायचा. एके दिवशी वहिनीने चमच्याच्या दांड्याने रोलरचं झाकण उघडलं, आत सुटलेली तार जागेवर बसवली, आणि रोलर गरागरा फिरायला लागला. बक्षीस म्हणून नोटीस मिळाली: विनापरवाना यंत्रास हात लावला. पुढच्या महिन्यात ती कामावर नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यात रोलर पुन्हा बसला आणि त्याच सुपरवायझरचा निरोप आला, जरा येऊन जाता का. वहिनीने निरोप्याला सांगितलं, "लेखी परवानगी पाठवा म्हणावं." ती अजून यायची आहे.

मग तिने चाळीवजा इमारतीच्या जिन्याखालची जागा धरली. सहा फूट बाय चार फूट. त्यातही एका बाजूला जिना डोक्यावर येतो, म्हणून उंच गिऱ्हाइकाने वाकूनच बोलायचं. इस्त्र्या, मिक्सर, पंखे यायला लागले. एका शिकवणीवाल्याने बंद पडलेला कॉम्प्युटर फेकून दिला, तो तिने उचलून आणला, सगळा उघडला, स्क्रू डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवले आणि दोन महिन्यांनी तो चालू करून दाखवला. शिकवणीवाला तो परत मागायला आला होता. त्याचं काय झालं ते त्यालाच विचारा.

तिचं इंग्रजी त्या कॉम्प्युटरनेच शिकवलं. कुठला वर्ग नाही, पुस्तक नाही. पडद्यावर जो तक्रारीचा मजकूर येईल तो उतरवून घ्यायचा आणि पुठ्ठा गेलेल्या शब्दकोशात एकेक शब्द हुडकायचा. त्यामुळे 'हाऊ आर यू' म्हटलं की ती गप्प बसते. पण 'आर यू शुअर' म्हटलं की तिच्याकडे उत्तर तयार असतं, आणि ते सहसा 'नाही' असतं.

गिऱ्हाईक येतं, मशीन टेबलावर आपटतं आणि म्हणतं, "फॉरमॅट मारून द्या." या देशोदेशीच्या लाडक्या वाक्याची तिला चीड आहे. जणू काही धूळ बसली, फडकं मारून द्या. ती आधी कागद घेते, त्यावर पट्टीने लांबट चौकोन काढते. ही तुमची हार्ड डिस्क. मग त्यात उभ्या रेघा. ही पार्टिशनं, म्हणजे एका खोलीत पडदे लावून केलेल्या चार खोल्या. या खोलीत काय आहे? आणि या? माहीत नाही? मग माहीत करून घ्या आणि या. घरी विचारा. बायकोला विचारा, तिला माहीत असतं. लोक वैतागतात. दहा मिनिटांचं काम आणि ही बाई तासभर चौकशी करते, जशी काही मुलगी द्यायची आहे! ती म्हणते, "विंडोज पुन्हा टाकणं दहा मिनिटांचंच आहे. गेलेलं पुन्हा आणणं किती मिनिटांचं, ते सांगा." आणि कागदावर सही घेतल्याशिवाय मशीनला हात लावत नाही.

आता संघटनेच्या कॉम्प्युटरविषयी. तो कुणीतरी दान दिला होता, म्हणजे देणाऱ्याला टाकायला जागा नव्हती. अध्यक्षांनी फीत कापून त्याचं उद्घाटन केलं आणि पहिल्याच बैठकीत मुद्दा काढला की आपला पत्रव्यवहार गोपनीय असतो, तेव्हा आपल्याला स्वतंत्र जागा हवी. अध्यक्षांना मिळतंय म्हटल्यावर सचिवांनाही गोपनीयता आठवली. मग खजिनदार कशाला मागे राहतील? डिस्कच्या वाटण्या झाल्या. सी म्हणजे विंडोजचा. डी अध्यक्षांचा. ई सचिवांचा. एफ खजिनदारांचा. चार पार्टिशनं. मागच्या बाकावरून एका बाईने विचारलं, "आणि सभासदांचं?" अध्यक्ष हसले. "अहो, सभासद म्हणजेच संघटना! त्यांना वेगळं कशाला द्यायचं?" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या सभासदच होत्या, हे लिहून ठेवायला हवं.

अशा रीतीने धुलाईघरातल्या सदतीस बायकांच्या वाट्याला काही आलं नाही. त्यांचं जे काही होतं ते डेस्कटॉपवर, पडद्याच्या कोपऱ्यात, एका फोल्डरमध्ये पडून राहिलं. पाहुण्याने ओसरीवर पथारी टाकावी तसं.

त्या फोल्डरचं नाव 'मावशी'. मावशी म्हणजे घडीमावशी. धुलाईघरात तिचं काम चादरींच्या घड्या घालायचं; तिने घातलेली घडी उघडली तर पुन्हा तशी घालता येत नाही म्हणतात. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी कंपनीचं नाव बदलतो आणि त्याच बायकांना 'नवीन भरती' म्हणून पुन्हा घेतो, त्यामुळे कागदावर एकही बाई कधी जुनी होत नाही. हजेरीचा तक्ता महिनाभर भिंतीवर असतो, सुपरवायझरच्या सहीचा. एक तारखेला तो फाडून बॉयलरमध्ये टाकतात. मावशीने काय केलं, तर दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तक्त्याचा फोटो काढला. नऊ वर्षं. एकशे आठ फोटो. दर तीन महिन्यांनी संघटनेच्या कॉम्प्युटरवर नेऊन टाकले. आणि गेल्या महिन्यात तिचा फोन एप्रनच्या खिशासकट मशीनमध्ये गेला, नव्वद अंशात उकळला, दोनदा पिळला गेला आणि कडक स्वच्छ होऊन बाहेर आला.

म्हणजे आता ते फोटो फक्त ओसरीवर.

फोन धुतला जायच्या पाच महिने आधी दिराला कार्याध्यक्ष केलं गेलं होतं. हे पद आधी नव्हतं. त्याला ते दिलं नसतं तर त्याने दुसरी संघटना काढली असती, म्हणून ते जन्माला घातलं. पद आलं, खुर्ची आली, दारावर पाटी आली. मग पार्टिशन नको? दीर स्वतःच कॉम्प्युटरवर बसला. खजिनदारांच्या हद्दीतून वीस जीबी कापून घेतली, शेजाऱ्याने बांध कोरावा तशी, आणि त्या जागेवर स्वतःचं पार्टिशन उभं करायला गेला. पण जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशनं चारच बसतात. पाचवं मागितलं की मशीन सांगतं, देतो, पण त्यासाठी सगळ्या डिस्कची जातच बदलावी लागेल, तिला 'डायनॅमिक' करावं लागेल. मग पुढे हे होणार नाही, ते होणार नाही, खात्री आहे का? मजकूर चांगला चार ओळींचा होता. दिराने त्यातला एक शब्द वाचला. चौकातल्या त्याच्या फलकावर फोटोखाली काय लिहिलंय? डायनॅमिक नेतृत्व! त्याने छाती पुढे काढून 'येस' दाबलं.

रात्री जेवताना तो सांगत होता, "वहिनी, मशीनसुद्धा माणूस ओळखतं बरं का."

"खाली काय लिहिलं होतं, भाऊजी?"

"खाली कोण वाचतं?"

नवऱ्याने मान वर न करता म्हटलं, "भाजी वाढ."

यानंतर सहा महिन्यांनी, एका सोमवारी, त्या कॉम्प्युटरचं विंडोज बंद पडलं. गुरुवारी दुपारी दोनला कामगार कार्यालयात सुनावणी होती: या सदतीस बायका नऊ वर्षं इथेच राबतायत की अकरा महिन्यांपूर्वी आभाळातून पडल्यात, याचा फैसला. नऊ वर्षांचा पुरावा दिला तर कायम करण्याचा दावा उभा राहणार. नाही दिला तर दावा निकालात आणि महिनाअखेर नव्या नावाची कंपनी, नव्या बायका. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी फोटोंची छपाई गुरुवारवर ढकलली गेली होती, कारण लेटरहेडवर अध्यक्षांचा नवा फोटो बसवायचा होता आणि त्यांना एकही फोटो पसंत पडत नव्हता.

गुरुवारी सकाळी अकराला घडीमावशी जिन्याखाली आली ती धापा टाकतच.

"चल गं. ते मशीन पुसतायत."

"कोण?"

"कुणीतरी बिनबाह्यांचं जाकीट घातलेला आणलाय. सगळे हो हो करतायत. मला काही कळत नाही, पण इतके सगळे हो म्हणतात म्हणजे काहीतरी वाईट असणार."

वहिनीने शटर अर्धं ओढलं आणि निघाली.

संघटनेच्या कार्यालयात एक टेबल, तीन खुर्च्या, आणि दिरासाठी नवी घेतलेली चौथी, जिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. ती सोडून उरलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर जाकीटवाला बसला होता, म्हणून खजिनदार उभे होते आणि त्याचा त्यांना राग आला होता.

"सी उडवायचा होता फक्त," जाकीटवाला सांगत होता. "सी मध्ये नुसतं विंडोज. तुमचं डी, ई, एफ सगळं शाबूत. दहा मिनिटांचं काम. पण घेतच नाही! डिस्क डायनॅमिक आहे म्हणतंय, हिच्यावर विंडोज बसत नाही म्हणतंय. फॉरमॅटचं बटणच दबत नाही. आता सगळी पार्टिशनं काढून टाकायची आणि डिस्क पुन्हा साधी करायची, एवढाच उपाय."

"सगळी?" अध्यक्ष दचकले.

"डी पण?" त्यांनीच पुन्हा विचारलं.

"अरे, डी चं काय घेऊन बसलात, ई..." असं सचिव म्हणणार होते, पण अध्यक्षांनी बघितलं.

वहिनी दारातच उभी होती. "सी मध्ये काय आहे?"

जाकीटवाल्याने तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पक्कडीकडे पाहिलं. "बाई, सांगितलं ना, विंडोज."

"डेस्कटॉप कुठे असतो?"

"डेस्कटॉप? स्क्रीनवर."

"दिसतो स्क्रीनवर. असतो कुठे?"

त्याने मान खाजवली. मग म्हणाला, "तसं बघायला गेलं तर... सी मध्ये."

"म्हणजे माझे फोटो?" मावशी.

"बॅकअप असेलच ना तुमच्याकडे."

"होता. धुतला."

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. डिस्क साधी असती तर या गृहस्थाने दहा मिनिटांत सी पुसला असता, सगळ्यांनी चहा घेतला असता, आणि नऊ वर्षं धुपून गेली असती. ती वाचली ती दिराच्या बढाईखोरपणामुळे. यात दिराचं काही कर्तृत्व नाही. दुसऱ्याच्या घरी चुकून छत्री विसरून गेलेल्या माणसाला कुणी दानशूर म्हणत नाही. पण खोलीत सगळ्यात आधी हे कळलं ते त्यालाच.

"बघितलंत?" तो उठून उभा राहिला. "मी डायनॅमिक केलं म्हणून वाचलं! दूरदृष्टी लागते."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "बसा. खुर्चीचं प्लास्टिक फाटेल."

तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, चार स्क्रू काढले, डिस्क हातात घेतली आणि पदरात गुंडाळली. जाकीटवाला म्हणाला, माझं काय? वहिनी म्हणाली, तुम्ही चहा घ्या. संघटना पाजते.

अख्खी कार्यकारिणी तिच्यामागून जिन्याखाली आली. आत जागा दोघींचीच: वहिनी आणि मावशी. बाकीचे जिन्यावर उभे राहिले. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यात वरच्या पायरीवर अध्यक्ष, त्याखाली सचिव, त्याखाली खजिनदार. दीर सगळ्यात खाली, म्हणजे दुकानाच्या सगळ्यात जवळ. कठड्यावरून चार डोकी आत लोंबत होती.

वहिनीने डिस्क आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर डिस्कच्या चौकोनात एक शब्द आला.

"फॉरेन," दिराने वाचला. "परदेशी? ही डिस्क परदेशी आहे?"

"परकी म्हणतंय. दुसऱ्या घरची आहे, ओळख नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी केलीय. आता विचारेल, घरात घेऊ का."

तिने उजवं बटण दाबलं. खाली यादी उघडली. त्यात दोन ओळी कामाच्या होत्या. एक: परकी डिस्क आत घ्या. दुसरी: डिस्क बेसिक करा. म्हणजे साधी करा.

"ती! ती दुसरी!" दीर एकदम वाकला. "बेसिक! जाकीटवाला तेच म्हणत होता, डिस्क साधी करायची! दाबा!" आणि वहिनी चष्मा पुसत होती तेवढ्यात त्याने कठड्यातून हात घालून माउस पकडला.

 नऊ वर्षं त्या पांढऱ्या बाणाच्या टोकावर होती आणि बाण दुसऱ्या ओळीवर होता. आधी रिकामं केल्याशिवाय 'बेसिक' करायचं म्हणजे पाचही पार्टिशनांवरचं सगळं पुसायचं. मशीन तसं सांगतंही. खाली. जिथे कोण वाचतं.

वहिनीने पक्कड उचलली आणि दिराच्या शर्टाची बाही, मनगटापाशी, पक्कडीत धरली.

"वहिनी!"

"सोडा तो."

"अहो, नवा शर्ट आहे!"

"म्हणून तर बाही धरली. बोट धरायला काही हरकत नव्हती."

वरच्या पायरीवरून अध्यक्ष म्हणाले, "हा पदाधिकाऱ्याचा अपमान आहे."

"इतिवृत्तात घ्या," वहिनी म्हणाली.

दिराने माउस सोडला. वहिनीने पहिली ओळ दाबली. मशीनने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सगळं वाचलं, ओठ हलवत, बोट पडद्याला लावून, आणि मग हो म्हटलं. डिस्कने दोन क्षण घेतले. मग एकापाठोपाठ पाच पार्टिशनं पडद्यावर उघडली, चाळीतल्या खिडक्या सकाळी उघडतात तशी.

आणि लगेच भांडण सुरू झालं.

"आधी डी काढून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

"डी मध्ये काय आहे?"

"महत्त्वाचं आहे."

वहिनीने डी उघडला. सत्कार. हार घालतानाचे, हार काढतानाचे, हाराची वाट बघतानाचे. भाषणांचे व्हिडिओ, एकेक दीड तासाचा. एकशे नव्वद जीबी. सचिवांच्या ई मध्ये एकच निवेदन होतं, सव्वीस वेळा: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'अगदी अंतिम', 'हेच पाठवा', 'हे पाठवू नका'. बाकी सिनेमे. खजिनदारांच्या एफ ला कुलूप होतं आणि त्याचा पासवर्ड ते विसरले होते, असं ते म्हणाले. आणि दिराचं नवंकोरं पार्टिशन, ज्याच्यासाठी हा सगळा घोळ झाला, त्यात एकच फाइल होती. तिचं नाव 'अल्पपरिचय'.

"तुमचे हार काढायला पावणेतीन तास लागतील," वहिनी म्हणाली. "आत्ता पावणेबारा झालेत. मावशीचे फोटो अर्ध्या मिनिटाचे आहेत."

"वेळेचा प्रश्नच नाही," अध्यक्ष म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्या कुणी म्हणेल की आपत्तीच्या वेळी अध्यक्षांना डावललं गेलं. संघटना शिस्तीवर चालते. आधी डी, मग ई, मग एफ..."

"एफ च्या आधी कार्याध्यक्ष," दीर म्हणाला.

"घटनेत कार्याध्यक्ष कुठे आहे, दाखवा!" खजिनदार म्हणाले. त्यांच्या वीस जीबीची गोष्ट त्यांना तिथेच, पायरीवर, पहिल्यांदा कळली होती.

"आधी ठरू द्या. तोवर डिस्कला कुणी हात लावणार नाही. ही तातडीची सभा समजावी."

आणि सभा सुरू झाली. खोटं वाटेल, पण झाली. जिन्यावर, उभ्याने. गणसंख्या मोजली गेली. दुसऱ्या मजल्यावरून एक बाई गॅसचा रिकामा सिलिंडर घेऊन उतरत होती, ती म्हणाली, "बाजूला व्हा की." तिला सांगण्यात आलं की सभा चालू आहे. ती म्हणाली, "मग मी तहकूब करते," आणि सिलिंडर घडघडत खाली आला. अध्यक्षांनी आधी उडी मारली, शिष्टाचाराप्रमाणे.

वहिनी एवढ्यात सी मध्ये शिरली होती. डेस्कटॉप. 'मावशी'. उघडायला गेली तर मशीन म्हणालं, तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही. हवी असेल तर इथे दाबा.

"बघ," ती मावशीला हळूच म्हणाली. "माणसापेक्षा हे बरं. परवानगी नाही म्हणतं, आणि खालीच घ्यायचं बटणही देतं."

दाबलं. एकशे आठ. मावशीने मोजले, बोटाने, पडद्यावर धुलाईघरातल्यासारखे बोटांचे ठसे उमटवत. पहिला धुरकट होता, तेव्हा तिला फोन धरता येत नव्हता. पण सुपरवायझरची सही दिसत होती. वहिनीने सगळे उचलले, एका पेनड्राइव्हवर टाकले, दुसऱ्यावर टाकले, आणि उघडून पाहिल्याशिवाय विश्वास नाही म्हणून दोन्हीवरचे पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून पाहिले. मग डी च्या हारांची नक्कल लावून दिली आणि उठली.

"चल मावशे. छापायला टाकू."

"ठरलं नाही अजून!" वरून आवाज आला.

"ठरवा सावकाश. हार निघालेत."

उरलेली दुरुस्ती तिने दुसऱ्या दिवशी केली, ती इथेच सांगून टाकलेली बरी. प्रत्येकाचा माल वेगळ्या डिस्कवर काढला (खजिनदारांना पासवर्ड आठवला होता), उघडून दाखवला, चौकोनाच्या कागदावर चौघांच्या सह्या घेतल्या. मग पाचही पार्टिशनं काढली, डिस्क रिकामी केली, तेव्हाच कुठे तिला बेसिक केली, आणि दोनच भाग पाडले. एक विंडोजचा, एक संघटनेचा. विंडोज दहा मिनिटांत नाही, चाळीस मिनिटांत बसलं. पदाधिकाऱ्यांना एकेक फोल्डर दिला, अकारविल्हे. त्यावरून 'अध्यक्ष' पहिले आले म्हणून अध्यक्ष खूश झाले. आपण तिच्या जागी असतो तर पदं उलट्या क्रमाने लावली असती.

पण गुरुवारी दोनला सुनावणीच्या खोलीत पंखा होता, तो चालत नव्हता. एका बाजूला ठेकेदाराचा वकील. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, सचिव, खजिनदार, दीर. त्यांच्यामागे उभ्या मावशी, वहिनी आणि चारच्या पाळीआधी आलेल्या दहाबारा जणी, ब्लीचच्या वासासकट. अध्यक्ष उठले, "या ऐतिहासिक क्षणी" म्हणाले. अधिकारी बाई म्हणाल्या, "कागद आहेत का?"

मावशीने गठ्ठा पुढे ठेवला. लेटरहेड नव्हतं. कडा मात्र अशा जुळवलेल्या, की बाईंनी तो उचलायच्या आधी एकदा पाहून घेतला.

वकिलाने वरची चारपाच पानं चाळली आणि हसला. "मॅडम, हे फोनवरचे फोटो आहेत. कुणीही तयार करेल. असा कुठलाही तक्ता आमच्याकडे नव्हताच."

"सुपरवायझरची सही आहे," मावशी म्हणाली.

"सही खोटी."

"एकशे आठ वेळा?"

"मावशी, मी मॅडमशी बोलतोय."

वहिनी मागून पुढे आली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "साहेब, मग खरा तक्ता आणा ना. शेजारी ठेवू. खोटं लगेच दिसेल."

"खरा तक्ता आणायचा कुठून?" वकील तडकला. त्याला उभ्या बायकांशी बोलायची सवय नव्हती. "दर महिन्याला नष्ट करतात ते!"

 वकिलाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. बाईंनी पेन उचललं.

"काय नष्ट करतात?"

"नाही, म्हणजे... माझं म्हणणं..."

"आत्ता नव्हता म्हणालात, आता नष्ट करतात म्हणता. दर महिन्याला. किती वर्षं?"

"मॅडम, मला अशिलाशी बोलावं लागेल."

"बोला. तोवर मी हे लिहून घेते." आणि त्यांनी कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली: ठेकेदारातर्फे असं सांगण्यात आलं की हजेरीचे तक्ते ठेवले जात आणि दरमहा नष्ट केले जात. पुढच्या तारखेला सुपरवायझरने स्वतः हजर राहावं. तोवर यातल्या एकाही बाईला कामावरून कमी करता येणार नाही.

दीर मागे वळून बायकांना हळूच म्हणाला, "बघितलंत? दूरदृष्टी." कुणी बघितलं नाही. मावशी टेबलाला चिकटून उभी होती. कारकून गठ्ठा ट्रेमध्ये सारत होता.

"पोच द्या," दुसरी प्रत पुढे करत ती म्हणाली.

"पहिल्या पानावर शिक्का मारतो."

"पानं एकशे आठ आहेत."

"अहो बाई, सगळ्यांवर कोण मारतं?"

"मी पान धरते, तुम्ही मारा."

कारकुनाने अधिकारी बाईंकडे पाहिलं. त्या लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मारा." मग शिक्का सुरू झाला. मावशी पान उलटायची, तो ठोकायचा. साठाव्या पानाला पॅडची शाई सुकली, त्यात त्याने पाणी ओतलं. पुढचे शिक्के फिकट आले, ते मावशीने पुन्हा मारून घेतले.

बाहेर पायऱ्यांवर अध्यक्षांनी विजयी सभा लावली. सचिवांनी कुठूनसा हार पैदा केला. फोटो काढायला एक माणूस तयार उभा. "भगिनींनो," अध्यक्षांनी सुरुवात केली, "आजचा हा दिवस..." आणि थांबले, कारण भगिनी फाटकाकडे निघाल्या होत्या. साडेतीन झाले होते. चारची पाळी, एक मिनिट उशीर झाला की सुपरवायझर तक्त्यावर गैरहजेरी मारतो, आणि आज तर तो वाटच बघत असणार.

"अहो, पाच मिनिटं! निदान फोटोपुरतं!"

"तुम्ही घ्या," मावशी चालता चालता म्हणाली. शिक्के मारलेली प्रत तिने पोटाशी धरली होती, दोन्ही हातांनी, ओल्या शाईला पदर लागू न देता. वहिनी तिला फाटकापर्यंत सोडायला गेली, तिथे बस दिसली, आणि दोघी पळत सुटल्या.